खिशातील रेल्वे कंपनी



खेळ म्हटला की करमणूक आणि हिशेब म्हटला की कंटाळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या दोहोंची गाठ घालून देणारा, आणि तरीही लहानथोरांना तासन्‌तास गुंतवून ठेवणारा एक खेळ आहे. त्याचा परिचय करून द्यावा, आणि त्याच्या निमित्ताने रेल्वे व जमीन यांच्या नात्याचा थोडा विचार करावा, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. खेळ जपानी आहे. तो तळहातावर मावणाऱ्या यंत्रावर खेळावयाचा असतो. त्यात खेळाडूने करावयाचे ते एवढेच, की एक रेल्वे कंपनी उभी करावयाची आणि ती बुडू न देता चालवावयाची. ‘एवढेच’ हा शब्द किती फसवा आहे, हे खेळाच्या पहिल्या वर्षअखेरीसच कळून येते.

जपानमधील आर्टडिंक या संस्थेने १९८५ साली घरगुती संगणकासाठी या मालिकेतील पहिला खेळ तयार केला. ‘ए-गाडीने जाऊ या’ असा त्याच्या जपानी नावाचा अर्थ आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ‘ए’ या अक्षराने ओळखला जाणारा एक मार्ग आहे. त्यावर बिली स्ट्रेहॉर्न याने एक जॅझ रचना केली आणि ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने ती जगभर पोहोचविली. त्या रचनेचेच जपानी नाव या खेळाने घेतले. मालिकेतील तिसरा खेळ मॅक्सिस या संस्थेने १९९२ साली अमेरिकेत ‘ए-ट्रेन’ या नावाने आणला. पुढे २००९ साली निन्टेंडो डीएस या हातात धरावयाच्या यंत्रासाठी या खेळाची एक आवृत्ती निघाली. २०१४ साली थ्रीडीएस या पुढच्या यंत्रासाठी आणि २०२१ साली स्विच या त्याहून नव्या यंत्रासाठी आणखी आवृत्त्या निघाल्या. डीएस हे यंत्र लहानशा पुस्तकासारखे उघडत असे. त्याला वर एक आणि खाली एक असे दोन पडदे होते, व खालच्या पडद्यावर बोरूसारखी एक काडी टेकवून काम करावयाचे असे. त्या यंत्राचे उत्पादन आता थांबले आहे. परंतु त्यावरील या खेळाची रचना इतकी नेटकी होती की, रेल्वेचे अर्थकारण समजून घ्यावयास ती आजही उपयोगी पडावी.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. पडद्यावर एक प्रदेश दिसतो. कोठे शेते, कोठे टेकड्या, कोठे नदी, आणि एखाददुसरे बेताच्या वस्तीचे गाव. खेळाडूच्या हाती काही रोकड असते आणि कंपनीची सूत्रे असतात. रूळ टाकावयाचे, स्थानके बांधावयाची, गाड्या विकत घ्यावयाच्या आणि त्यांचे वेळापत्रक ठरवावयाचे, ही त्याची पहिली कामे. टेकडी आली तर बोगदा हवा, नदी आली तर पूल हवा, आणि दोहोंचा खर्च सपाट जमिनीवरील रुळांपेक्षा कितीतरी अधिक. तेव्हा सरळ रेषेचा मोह सोडून वळणाचा मार्ग घ्यावा काय, हा प्रश्न पहिल्या घटकेपासून उभा राहतो. वळसा घेतला तर बांधणी स्वस्त होते, परंतु गाडीला रोज अधिक वेळ लागतो. एकदाच करावयाचा खर्च आणि रोजचा खर्च यांतील निवड ही रेल्वेच्या अभियंत्यांना जन्माची पुरलेली आहे. येथे ती शाळकरी मुलाच्या हाती येते.

वेळापत्रकाची गोष्ट तर आणखी मनोरंजक आहे. एकेरी मार्गावर दोन दिशांच्या गाड्या चालवावयाच्या तर मधल्या एखाद्या स्थानकात जादा रूळ टाकून तेथे क्रॉसिंगची सोय करावी लागते, आणि दोन्ही गाड्या तेथे बरोबर एका सुमारास पोहोचतील असा मेळ घालावा लागतो. मेळ चुकला की एक गाडी दुसरीची वाट पाहत उभी राहते आणि मागची सारी वाहतूक तुंबते. भल्या पहाटे किंवा अपरात्री गाडी सोडली तर ती जवळजवळ रिकामी धावते, परंतु चालविण्याचा खर्च मात्र भरल्या गाडीइतकाच येतो. गाड्यांची संख्या वाढविली म्हणजे उत्पन्न वाढते, ही भाबडी कल्पना खेळाडूने एकदोनदा ठेच खाल्ली की आपोआप गळून पडते.

यापुढे खेळाची खरी खुबी सुरू होते. नवे घर, नवे दुकान, नवा कारखाना बांधावयाचा तर बांधकामाचे साहित्य त्या जागेजवळ असावे लागते, आणि ते मालगाडीने किंवा मालमोटारीने तेथवर आणावे लागते. ज्या स्थानकाच्या आवारात साहित्याचे ढीग उतरतात, त्याच्या भोवती वस्ती उभी राहू लागते. काही इमारती खेळाडू स्वतः बांधतो, पण कित्येक घरे गावकरी आपण होऊन बांधतात. ती केव्हा उभी राहिली हे खेळाडूला नंतर कळते. वस्ती वाढली की प्रवासी वाढतात, प्रवासी वाढले की दुकाने चालतात, दुकाने चालली की जमिनीचा भाव चढतो. गाव रेल्वेला पोसते की रेल्वे गावाला, हे सांगणे कठीण व्हावे, इतके ते चक्र एकमेकांत गुंतलेले आहे.

या साऱ्यावर हिशेबाची करडी नजर असते. बँकेचे कर्ज मिळते, पण त्याचे व्याज आणि मुदत ठरलेली असते. वर्षअखेरीस ताळेबंद समोर येतो आणि कर भरावे लागतात. नवख्या खेळाडूची हमखास फजिती येथे होते. वर्षभर नफा झालेला असतो, पण तो सारा नव्या इमारतींत गुंतविलेला असतो. कर भरण्याच्या दिवशी गल्ल्यात रोकड नसते. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कागदावर श्रीमंत असलेली कंपनी रोकडीअभावी बुडू शकते, हे सत्य वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला समजावयास एक सत्र लागते. या खेळात ते एका संध्याकाळी समजते, आणि समजले की विसरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा खेळ काही दिवस मन लावून खेळणाऱ्याला एक गोष्ट कळून चुकते. ती अशी की, तिकिटांच्या उत्पन्नावर ही कंपनी फार मोठी होऊ शकत नाही. रूळ, स्थानके, गाड्या यांत गुंतलेले भांडवल अवाढव्य असते आणि तिकिटांतून ते थेंबाथेंबाने परत येते. ज्याला कंपनी वाढवावयाची असेल त्याने स्थानकाभोवती स्वतःच्या इमारती उभाराव्यात, भाड्याची घरे, दुकाने, हॉटेल, क्रीडांगण चालवावे. जेथे पुढे रेल्वे न्यावयाची आहे तेथे आज स्वस्त असलेली जागा हाताशी ठेवावी. पैसा पेरावयाचा तो रुळांत, आणि पीक कापावयाचे ते रुळांच्या दुतर्फा असलेल्या जमिनीवर, हे या खेळाचे मर्म होय.

असे का व्हावे? अर्थशास्त्राची फारशी परिभाषा न वापरता ते सांगता येईल. रेल्वे आली म्हणजे गाडीत बसणाऱ्याचा लाभ होतो, आणि त्याच्याकडून कंपनी तिकिटाचे पैसे घेते. परंतु लाभ त्याच्यापाशीच थांबत नाही. स्थानकासमोर ज्याचे दुकान आहे त्याचा धंदा वाढतो. ज्याची चाळ आहे त्याचे भाडे वाढते. ज्याचे शेत आहे त्याच्या शेताला घरबांधणीच्या जागेचा भाव येतो. या माणसाला कोणी तिकीट काढावयास लावीत नाही. म्हणजे रेल्वेने निर्माण केलेल्या संपत्तीचा एक मोठा वाटा रेल्वेच्या हिशेबाच्या वहीत कधी उतरतच नाही. तो वाटा पकडावयाचा असेल तर रेल्वेनेच जमिनीचा धनी व्हावयास हवे. खेळाडू नेमके तेच करतो.

ही कल्पना खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. जपानमध्ये ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती, आणि ती आणणारा गृहस्थ इचिझो कोबायाशी हा मूळचा बँकेतील नोकर होता. त्याचा जन्म १८७३ चा. मित्सुई बँकेतील चौदा वर्षांची नोकरी सोडून १९०७ साली तो ओसाका शहराच्या बाहेर होऊ घातलेल्या एका विद्युत रेल्वेच्या उभारणीत पडला. मिनो-आरिमा हे त्या कंपनीचे नाव. १० मार्च १९१० रोजी तिची गाडी ओसाकातील उमेदा येथून ताकाराझुकापर्यंत धावू लागली. नावात आरिमा असले तरी आरिमापर्यंत तिचे रूळ कधीच पोहोचले नाहीत. मार्ग जात होता तो बहुतेक शेतांतून आणि विरळ वस्तीतून. दोन मोठ्या शहरांना जोडणाऱ्या रेल्वेला प्रवासी आयते मिळतात. या रेल्वेला ते मिळण्याजोगे नव्हते.

कोबायाशीने प्रवाशांची वाट पाहण्याऐवजी प्रवासी निर्माण करावयाचे ठरविले. रूळ पडण्यापूर्वीच त्याने मार्गालगतची जमीन स्वस्त दराने घेऊन ठेविली. १९१० साली इकेदा येथे त्याने घरांची वसाहत विक्रीस काढली. बेताच्या पगाराच्या नोकरदाराला घराची सारी किंमत एकदम देणे शक्य नसते, हे बँकेत वर्षे काढलेल्या माणसाला सांगावयास नको होते. त्याने दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांची सोय केली. कारखान्यांच्या धुराने कोंदलेल्या ओसाकातील कारकून मंडळी मोकळ्या हवेत राहावयास गेली, आणि रोज सकाळी कोबायाशीच्याच गाडीने कामावर येऊ लागली. घर विकून नफा झालाच. वर जन्मभराचा प्रवासीही बांधला गेला.

तरी एक अडचण उरली होती. सकाळी शहराकडे येणारी गाडी भरून येई आणि परत जाताना रिकामी जाई. सुटीच्या दिवशी तर दोन्हीकडे शुकशुकाट. यावर उपाय म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, त्याने १९११ साली उष्ण पाण्याचे स्नानगृह उघडले. तेथील पोहण्याच्या हौदाचा प्रयोग फसला, तेव्हा हौद झाकून त्याचे नाट्यगृह केले, आणि १९१४ साली तेथे केवळ मुलींच्या संगीत-नाट्यमंडळीचे खेळ सुरू झाले. ती ताकाराझुका मंडळी आजही जपानमध्ये लोकप्रिय आहे. पण तिचा जन्म सुटीच्या दिवशीच्या रिकाम्या डब्यांतून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९२९ साली शहराकडील टोकाला, उमेदा स्थानकातच, कंपनीने स्वतःचे सर्ववस्तुभांडार उघडले. हीच कंपनी पुढे हानक्यू या नावाने प्रसिद्धीस आली. घर कंपनीचे, गाडी कंपनीची, नाटक कंपनीचे आणि खरेदीही कंपनीच्याच दुकानात, असे हे वर्तुळ पूर्ण झाले. जपानमधील इतर खाजगी रेल्वे कंपन्यांनी हा धडा गिरविला. आपल्या खेळातील खेळाडू मार्गाच्या दूरच्या टोकाला क्रीडांगण बांधतो, तेव्हा तो नकळत कोबायाशीचीच वही उघडीत असतो.

आपल्या देशात रेल्वेचा आरंभ अगदी वेगळ्या पायावर झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी नेणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ साली जो करार केला, त्यात भांडवलावर सालीना पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती, आणि मार्गासाठी लागणारी जमीन सरकार विनामूल्य देणार होते. जमीन फुकट आणि परतावा हमखास. त्यात तूट आली तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेरीस येथील रयतेकडून भरून निघावयाची. अशा कंपनीला वसाहती वसविण्याची किंवा नाट्यगृहे काढण्याची यातायात करण्याचे कारणच नव्हते. जोखमीवाचून मिळणारा नफा काटकसर शिकवीत नाही आणि कल्पकताही शिकवीत नाही, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेवरून दिसून येते. त्या दृष्टीने पाहता, बुडण्याचे भय खेळाडूच्या डोक्यावर सतत टांगते ठेवणारा हा खेळ आपल्या जुन्या हमीच्या करारापेक्षा अधिक शहाणा म्हणावा लागेल.

येथवर मी या खेळाची वाखाणणीच केली, आणि ती मनापासून केली. पण भूसंपादनाच्या कामात काही वर्षे काढलेल्या माणसाच्या नजरेला त्यातील एक उणीव खटकल्यावाचून राहत नाही. खेळातील नकाशावर मार्गाच्या आड एखादे घर आले तर त्याची किंमत पडद्यावर दिसते. खेळाडूने ती भरली की घर त्याच्या मालकीचे होते, आणि मग ते पाडून टाकले की जागा मोकळी. काडी दोनदा टेकविण्याचे काम. त्या घराला भाव आहे, पण त्यात राहणाऱ्याला वाचा नाही. तो नाही म्हणत नाही, मुदत मागत नाही, आणि कोठे गेला हेही कोणाला कळत नाही.

प्रत्यक्षात त्या दोन टिचक्यांच्या जागी काय काय असते, ते थोडक्यात सांगतो. अधिसूचना निघते. मोजणी होते, खुंट्या ठोकल्या जातात. सातबाराच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे बारा वारसांची नावे निघतात. त्यांतील चौघे मुंबईत, एक सुरतेस, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे कधी लागलेलीच नसतात. हरकती येतात, त्यांवर सुनावण्या होतात. जमिनीचा दर ठरतो, विहीर आणि झाडे यांचे मूल्य वेगळे काढले जाते, आणि मग निवाडा जाहीर होतो. एका पंचनाम्याच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ आमच्या मागोमाग बांधाबांधाने फिरत होते. दर काय धरला, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. आंब्यापाशी आल्यावर तेवढे विचारले, “साहेब, याचं वय किती लिहिलंत?” आम्ही अंदाजाने चाळीस लिहिले होते. ते म्हणाले, “माझ्या थोरल्या भावाच्या मुंजीत लावलेला आहे. साठ लिहा.” वय वाढले म्हणून पैसे वाढतील, असा त्यांच्या बोलण्यात हेतू नव्हता. ते झाड कागदावर तरी खरे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही साठ लिहिले. खेळात अशा झाडाला रकाना नाही.

कोणी म्हणेल की, खेळ तो खेळ. त्यात सारे जग कसे मावणार? हे म्हणणे रास्त आहे. पण जे गाळले गेले ते किरकोळ असेल तर प्रश्न नाही. ज्याच्यावाचून खरी रेल्वे उभीच राहू शकत नाही अशी गोष्ट गाळली गेली असेल, तर तिची आठवण ठेवणे आवश्यक आहे. याचा पुरावा खुद्द जपानमध्येच सापडतो. तोक्यो शहर आणि नारिता येथील नवा विमानतळ यांना जोडणाऱ्या शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या मार्गाचे काम १९७४ साली सुरू झाले. मार्गालगतच्या रहिवाशांनी त्याला कडवा विरोध केला, जागा मिळेना. १९८३ साली काम थांबले आणि १९८७ साली योजना रद्द झाली. विमानतळाखाली त्या रेल्वेसाठी बांधलेले भुयारी स्थानक गाडीवाचून पडून राहिले, आणि १९९१ पासून तेथे साध्या रेल्वेच्या गाड्या येऊ लागल्या. पैसा होता, तंत्र होते, सरकारची इच्छाही होती. नव्हती ती जमीनधारकांची आणि शेजाऱ्यांची संमती. खेळात ही वस्तू विकत घ्यावी लागत नाही, म्हणून तिची किंमतही कळत नाही.

तर मग रेल्वेने वाढविलेल्या भावाचा लाभ रेल्वेलाही मिळावा आणि मूळ धन्यावरही अन्याय होऊ नये, असा काही मार्ग आहे काय? आहे, आणि तोही जपानने वापरून पाहिला आहे. तोक्योच्या नैर्ऋत्येस तोक्यू कंपनीने १९६६ साली आपला देनएन-तोशी मार्ग नागात्सुतापर्यंत वाढविला, तेव्हा त्या टापूत जमिनी सरसकट विकत घेण्याऐवजी भूखंडांच्या पुनर्रचनेची पद्धत मोठ्या प्रमाणावर योजिली. धारकांनी आपल्या जमिनी एकत्र करावयाच्या. त्यांतून रस्ते, बागा, स्थानके यांसाठी आणि खर्च भागविण्यासाठी काही हिस्सा काढावयाचा. आणि उरलेली जमीन, आकाराने लहान परंतु रस्ता, पाणी व रेल्वे यांनी संपन्न अशी, ज्याची त्याला परत द्यावयाची. एकराचे गुंठे झाले, पण त्या गुंठ्यांना शहराचा भाव आला. शेतकरी हा त्या गावचा उठून गेलेला माणूस न राहता नव्या नगराचा भागीदार झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने नगररचना योजनांची जी पद्धत आली, तिचे तत्त्व हेच आहे.

महाराष्ट्रात रेल्वे आणि जमिनीचा भाव यांची गाठ सर्वांत ठळकपणे पडली ती नवी मुंबईत. तेथील उपनगरी रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडको या महामंडळाने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. १९९२ साली ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून मानखुर्द ते वाशी गाडी सुरू झाली. सिडकोचा पैसा आला तो मुख्यतः विकसित केलेले भूखंड विकून. वाशी आणि बेलापूर येथील स्थानकांच्या इमारतींत कचेऱ्या आणि दुकानांचे गाळे दिसतात, ते याच विचाराचे फळ. कोबायाशीने हे पाहिले असते तर त्याला ओळख पटली असती.

परंतु ही जमीन ज्या आगरी, कोळी व इतर कुटुंबांची होती, त्यांचा वाटा सहजासहजी ठरला नाही. त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे, संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना परत देण्याची योजना निघाली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द त्या भागात आजही कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. भाववाढीत मूळ धन्याचा वाटा असतो, हे तत्त्व तेथे पुस्तकातून आले नाही, माणसांच्या मोलाने आले. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून जो नवा कायदा लागू झाला, त्यात वाढीव मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचा आणि प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांच्या पाहणीचा समावेश झाला, त्यामागेही देशभरातील अशाच अनुभवांची बेरीज आहे.

या साऱ्याचा अर्थ हा खेळ मुलांच्या हाती देऊ नये असा मुळीच नाही. मी तर म्हणेन, अवश्य द्यावा. व्याज म्हणजे काय, रोकड म्हणजे काय, वेळापत्रक का कोलमडते, आणि एक स्थानक आजूबाजूच्या माळरानाचे काय करून टाकते, हे इतक्या आनंदाने शिकविणारी शाळा सहसा सापडत नाही. फक्त खेळताना शेजारी एक साधी वही ठेवावी. मार्गासाठी जितकी घरे आणि जितकी शेते घेतली, त्यांतील प्रत्येकासाठी वहीत एक ओळ लिहावी: हे कोणाचे असेल, तो कोठे जाईल, आणि वाढलेल्या भावातून त्याला काय मिळाले. यंत्र ती वही तपासणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी ती तपासावी. अशा वहीने कंपनी बुडत नाही. ती थोडी सावकाश वाढेल, आणि एखाद्या ठिकाणी सरळ जाणारा मार्ग कदाचित कोणाच्या तरी आमराईला वळसा घालून जाईल. खऱ्या नकाशावरील काही वळणेही अशीच पडलेली असतात.